प्रवास न आवडणाऱ्याचं प्रवासवर्णन

सोमवारी सकाळी प्रत्येक ऑफिसात एक माणूस हमखास भेटतो. लडाख, बाली नाहीतर व्हिएतनामहून नुकताच परतलेला. डेस्कवर सगळ्यांसाठी चॉकलेटचा डबा, नाकावर सोललेली कातडी आणि मोबाइलमध्ये साडेचारशे फोटो. ‘तिथली माणसं कसली साधी आहेत यार, आपणच आपलं लाइफ कॉम्प्लिकेटेड करून ठेवलंय,’ हे वाक्य त्याने सकाळी म्हटलं नसेल, तर लंचपर्यंत म्हणतोच. आपण मान डोलावतो. चॉकलेट खातो. आणि मनातल्या मनात आपल्याही उरलेल्या रजा मोजायला लागतो.

या माणसाच्या पुढच्या वाढदिवसाला क्लोद लेव्ही-स्त्रॉसचं पुस्तक द्या. नाव ‘त्रिस्त त्रोपीक’. फ्रेंच आहे, उच्चाराला घाबरू नका. अर्थ साधारण ‘उदास उष्णकटिबंध’. १९५५ साली पॅरिसमध्ये आलं. लेखक मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे दुसऱ्यांच्या गावात जाऊन राहणं आणि त्यांच्या चालीरीती टिपून घेणं हीच ज्याची नोकरी असा माणूस. आणि हा गृहस्थ पहिल्याच ओळीत सांगून मोकळा होतो, की त्याला प्रवासाचा तिटकारा आहे आणि साहसी प्रवाशांचाही. मग पुढची चारेकशे पानं तो प्रवासाबद्दलच लिहितो!

(नाही, जीन्सवाला तो नव्हे. पण गोंधळ त्याच्याही आयुष्यभर मागे लागला होता. न्यूयॉर्कला शिकवायला गेला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला नाव बदलून क्लोद एल. स्त्रॉस करायला लावलं, पोरं हसतील म्हणून. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही त्याच्या पत्त्यावर जीन्सच्या ऑर्डरी येत राहिल्या.)

तर गोष्ट सुरू होते एका फोनने. १९३४ची शरद ऋतूतली रविवार सकाळ, नऊची वेळ. लेव्ही-स्त्रॉस पंचविशीतला. तत्त्वज्ञानाची अवघड परीक्षा पास होऊन फ्रान्समधल्या छोट्या गावांत शाळामास्तरकी करत होता आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या लक्षात आलं होतं, की तोच पोर्शन पुन्हा शिकवायचा म्हणजे जाम बोअर. पहिल्या जॉबच्या दुसऱ्या अप्रेझलला आपल्यालाही जे वाटतं, तेच. फोनवर सेलेस्तँ बुग्ले नावाचे बडे प्राध्यापक होते. ब्राझीलमध्ये साओ पावलोला नवं विद्यापीठ निघालंय, समाजशास्त्र शिकवायला जातोस का? शहराच्या उपनगरांत आदिवासीच आदिवासी आहेत, वीकेंडला त्यांचा अभ्यास करता येईल.

वीकेंडला! करिअर बदलायचं आमिष तेव्हाही हेच होतं बघा. गंमत म्हणजे निघण्याआधी पॅरिसमधल्या ब्राझीलच्या राजदूतांनी त्याला जेवणाच्या टेबलावर सांगितलं, आमच्याकडे आदिवासी उरलेच नाहीत, पोर्तुगीजांनी केव्हाच संपवले. दोघंही चूक होते. उपनगरांत आदिवासी नव्हते, आणि ते संपलेही नव्हते. ते होते, पण फार लांब. १९३५च्या फेब्रुवारीत तो मार्सेयहून बोटीवर चढला.

साओ पावलोची प्रकरणं आपल्यासारख्या शहरी वाचकाने सावकाश वाचावीत. शहर इतक्या वेगाने वाढत होतं, की त्याचा धड नकाशाच मिळायचा नाही. काढला तर आठवड्याला नवी आवृत्ती काढावी लागली असती. अमेरिका खंडातली शहरं ताजीतवानी असतात आणि मग एकदम जीर्ण होतात, मधली जुनं होण्याची पायरीच त्यांना नसते, हे त्याचं निरीक्षण हिंजवडी किंवा नवी मुंबईतल्या दहा-पंधरा वर्षांच्या काचेच्या इमारती बघणाऱ्याला कुणी वेगळं समजावून द्यायला नको. त्याचे विद्यार्थी हुशार होते, पण त्यांना फक्त लेटेस्ट थिअरी हवी असायची. कालची कल्पना आज अंगावर घालणं म्हणजे मागच्या सीझनचे कपडे घातल्यासारखं.

सुट्ट्या लागल्या की तो आत निघायचा. १९३५च्या शेवटी तो पॅराग्वेच्या सीमेकडे कादुवेओ लोकांकडे पोचला. तिथल्या बायका चेहऱ्यावर काळ्यानिळ्या वेलबुट्टीची चित्रं काढायच्या. इतकी गुंतागुंतीची, की एकीसारखं दुसरीचं नाही. त्याने त्यांना कागद दिले आणि शेकडो चित्रं जमवली. चेहऱ्याविना, कोऱ्या कागदावरही त्या तितक्याच सफाईने काढायच्या. तिथून पुढे बोरोरो.

बोरोरोंचं केजारा गाव ही या पुस्तकातली माझी सगळ्यात आवडती जागा. जेमतेम दीडशे माणसं, गोलाकार मांडलेल्या झोपड्या, मधोमध पुरुषांचं मोठं घर. बाईमाणसाला तिथे एरवी प्रवेश नाही. या वर्तुळातून एक अदृश्य रेघ जाते आणि गावाचे दोन भाग होतात. तुम्ही ज्या भागात जन्मलात त्या भागात लग्न करायचं नाही, समोरच्या भागात करायचं. नवऱ्याने बायकोच्या घरी जाऊन राहायचं. तुम्ही गेलात की तुमचं मर्तिक तुमच्या लोकांनी करायचं नाही, समोरच्यांनी करायचं. म्हणजे अर्ध्या गावाचं प्रत्येक महत्त्वाचं काम उरलेल्या अर्ध्याशिवाय अडून राहणार. माणूस गावात कुठे उभा आहे यावरून तो कुणाचा कोण, हे कळतं. आणि मग येतात सालेशियन मिशनरी. त्यांना यांचा धर्म बदलायचा असतो. वाद नाही, जबरदस्ती नाही. त्यांनी एवढंच केलं, गोल गावातून लोकांना उठवलं आणि सरळ, समांतर रांगांतल्या घरांत नेऊन बसवलं. बस्स. गावाचा नकाशा गेला आणि त्याबरोबर दिशाच गेल्या. कुणी कुणाच्या समोर राहायचं हेच कळेना, तिथे कुणी कुणाचं मर्तिक करायचं हे काय कळणार? परंपरा धडाधड कोसळायला लागली.

ऑफिसची सीटिंग अरेंजमेंट बदलली की एचआरवाले ‘कोलॅबोरेशन’साठी म्हणतात ना, त्यांनी हे प्रकरण वाचलेलं नसतं. किंवा नेमकं वाचलेलं असतं!

आता त्या माणसाबद्दल, जो या पुस्तकात नाही. माणूस नव्हे, बाई. दिना द्रेफ्युस, लेव्ही-स्त्रॉसची त्या वेळची बायको. तीही तत्त्वज्ञानाची तीच परीक्षा पास झालेली. कादुवेओ-बोरोरोंच्या दौऱ्यात बरोबरीने होती. साओ पावलोत लेखक मारिओ द आंद्रादे यांच्यासोबत तिने लोकसंस्कृतीच्या अभ्यासाची संस्था उभी केली, तरुणांना फील्डवर्क शिकवलं. १९३८च्या मोठ्या मोहिमेतही ती निघाली आणि डोळ्यांच्या भयंकर संसर्गाने तिला अर्ध्यातून परत फिरावं लागलं. एवढ्या मोठ्या पुस्तकात तिचा उल्लेख जवळजवळ नाहीच, आला तोही आजाराच्या निमित्ताने ओझरता. वर्षभरात दोघं वेगळे झाले होते हे खरं, पण झाडं, खेचरं, माकडं यांना पानंच्या पानं मिळावीत आणि बरोबर चाललेल्या बाईला ओळही नीट मिळू नये, हे खटकतंच. मोहिमेत ब्राझीलचा एक तरुण संशोधकही होता, लुईझ द कास्त्रो फारिया. त्याने स्वतःची डायरी आणि फोटो सांभाळून ठेवले आणि २००१ साली पुस्तक काढलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘एक वेगळी नजर’. एका ट्रिपची दोन माणसं कधीच एक गोष्ट सांगत नाहीत, हे आपल्याला गोव्याच्या ट्रिपनंतरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून माहीत असतंच.

ही १९३८ची मोहीम म्हणजे पुस्तकाचा गाभा. कुयाबाहून निघायचं आणि टेलिग्राफच्या तारेच्या कडेकडेने वायव्येला शेकडो किलोमीटर जायचं. ही तार कांदिदो रोंदोन या लष्करी अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलातून ओढली होती. प्रचंड कष्टाने. पण काम पुरं होईपर्यंत रेडिओ आला आणि तार निकामी ठरली. मग उरले ते ठाण्यांवर अडकलेले मूठभर कर्मचारी. बदली नाही, रसद कधी येईल याचा भरवसा नाही. टेक्नॉलॉजी कालबाह्य झाली तरी प्रोजेक्ट बंद करायचा निर्णय कुणी घ्यायचा, या प्रश्नावर अडकलेली ऑफिसं आपणही पाहिलीत.

या तारेच्या आजूबाजूला नांबिक्वारा लोक राहायचे. कोरड्या ऋतूत भटकायचे. कपडे नाहीत, झोळणा नाही. रात्री शेकोटीच्या ऊबेला थेट जमिनीवर झोपायचे, सकाळी अंगाला राख. तिथल्या थंड रात्रींबद्दल, शेकोट्यांशेजारी एकमेकांना बिलगून हसणाऱ्या नवराबायकोंबद्दल त्याने डायरीत जे टिपून ठेवलं होतं, ते पुस्तकात तसंच उतरवलंय. मी इथे त्यातलं काही सांगत नाही. ते त्याच्याच शब्दांत वाचायला हवं.

त्याऐवजी दोन किस्से. पहिला लहान मुलींचा. नांबिक्वारांमध्ये एकमेकांचं खरं नाव उच्चारायचं नाही असा दंडक. एके दिवशी खेळताना एका पोरीने दुसरीला मारलं. मार खाल्लेली धावत येऊन या पाहुण्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. त्याला काही कळेना. मारणारी आली, तीही पुटपुटली. मग उलगडा झाला, की पहिलीने सूड म्हणून दुसरीचं नाव फोडलं होतं आणि दुसरीने फेडून घेतलं होतं. मग काय, या पठ्ठ्याने पोरींना एकमेकींविरुद्ध लावून सगळ्यांची नावं काढून घेतली. पोरांची, मग थोरांचीही. शेवटी मोठ्यांच्या लक्षात आलं, पोरी ओरडा खाऊन गप्प झाल्या. एथिकल की अनएथिकल, तुम्हीच ठरवा. त्याने स्वतः मात्र हे लपवलेलं नाही.

दुसरा किस्सा जगभर गाजला. नांबिक्वारांना लेखन माहीत नव्हतं. त्याने सगळ्यांना कागद-पेन्सिली वाटल्या, लोक नागमोडी रेघा ओढत बसले आणि लवकरच कंटाळले. पण त्यांच्या एका म्होरक्याला यातली मेख कळली. तो पाहुण्याशी बोलायच्या ऐवजी कागदावर रेघोट्या काढून दाखवायला लागला, आणि पाहुण्यानेही त्या समजल्याचं सोंग घ्यायचं, असा न बोलता ठरलेला करार. पुढे दुसऱ्या टोळ्यांबरोबर भेटवस्तूंची देवाणघेवाण व्हायची होती. वातावरण तंग. तेव्हा या म्होरक्याने टोपलीतून नागमोडी रेघांचा कागद काढला आणि सगळ्यांसमोर यादी ‘वाचायला’ सुरुवात केली. कुणाला धनुष्याबद्दल कोयता, कुणाला माळेबद्दल मणी... दोन तास! पांढऱ्या माणसाची विद्या आपल्याला येते, त्याच्या मालाची सूत्रं आपल्या हातात आहेत, एवढं दाखवायला.

लेव्ही-स्त्रॉसने यावरून मोठा सिद्धांत मांडला. लेखन ज्ञान वाढवायला जन्मलं हा गैरसमज आहे म्हणे. लेखन आलं तिथे नगरं आली, साम्राज्यं आली, करवसुली आली, वरचे-खालचे आले. म्हणजे लेखनाचं पहिलं काम माणसांवर सत्ता चालवणं. १९६७ साली देरिदा या दुसऱ्या फ्रेंच पंडिताने यावर अख्खं प्रकरण खर्ची घातलं, की बाबा रे, ज्या लोकांत नाव घेण्यावर बंदी आहे, हाणामारी आहे, म्होरके आहेत, ते लेखन येण्याआधी निष्पाप होते हे तुला कुणी सांगितलं? वाद अजून संपलेला नाही. माझं मत देरिदाच्या बाजूने झुकतं. पण दर सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये कुणीतरी एक्सेल शीट स्क्रीनवर टाकतो, रकान्यांवरून लेझर फिरवतो आणि आपण सगळे समजल्यासारखे बघत बसतो, तेव्हा मला तो म्होरक्या आठवतो. त्याच्या बाबतीतला पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. या नाटकानंतर त्याच्या बऱ्याच लोकांनी त्याची साथ सोडली.

या सगळ्यात लेखक आनंदात होता असं समजू नका. तो बहुतेक वेळ कंटाळलेला असतो. खेचरं हरवतात, बैल थकतात, माणसं आजारी पडतात, दिवसच्या दिवस एकाच ठिकाणी काढावे लागतात. अशा वेळी जंगलातल्या या माणसाच्या डोक्यात कसलं संगीत वाजत होतं? शोपँची पियानोवरची एक धून, तीही त्याला फारशी न आवडणारी. आठवडेच्या आठवडे! रेडिओवर ऐकलेलं एखादं फालतू गाणं दिवसभर ओठांवर राहतं तशी. शोधायला गेला आदिम माणसाला आणि डोक्यात पॅरिसचा ड्रॉइंगरूम. एका मुक्कामी एकटाच अडकला असताना त्याने टिपणांच्या कोऱ्या बाजूवर रोमन सम्राटावरचं नाटकच लिहायला घेतलं. सहा दिवस लिहिलं, मग सोडून दिलं.

आणि मग तो क्षण येतो ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. नदीच्या वरच्या अंगाला मुंदे नावाचे लोक, जिथे आजवर कुणी संशोधक गेलेला नाही. तो पोचतो. गाव पंचवीसेक माणसांचं. माणसं समोर, अगदी आरशातल्या प्रतिबिंबासारखी जवळ. आणि भाषाच येत नाही. दुभाषा नाही, वेळ नाही, पैसे संपत आलेले. काही दिवस राहून निघावं लागतं. आधीच्या प्रकरणात त्याने हाच पेच मांडून ठेवलेला असतो. जुन्या काळचा प्रवासी झालो असतो तर सगळं अस्सल दिसलं असतं, पण त्यातलं काही समजलं नसतं. आजचा प्रवासी आहे तर समजण्याची तयारी आहे, पण बघायला अस्सल काही उरलेलं नाही. आणि काही शतकांनी येणारा एखादा माझ्यावर चडफडेल, की माझ्या डोळ्यांसमोर होतं ते मला दिसलंच नाही. ‘अनएक्सप्लोर्ड’ बीच शोधणाऱ्या सगळ्यांसाठी हे पान आहे.

नांबिक्वारांचं पुढे काय झालं? गोवर आणि इतर साथींनी ते आधीच पोखरले होते. नंतर गुरांची कुरणं आली, १९८०च्या दशकात कुयाबा ते पोर्तो वेल्यो महामार्ग डांबरी झाला. एक वेळ अशी आली, की काही शेकडाच माणसं उरली. पण गोष्ट तिथे संपली नाही. आज त्यांची संख्या पुन्हा हजारांत आहे आणि आपल्या जमिनीसाठी ते कोर्टकचेरी करतात. उदास पुस्तकातले लोक पुस्तकाएवढे उदास निघाले नाहीत.

लेखक १९३९ साली फ्रान्सला परतला. युद्ध सुरू झालं. तो ज्यू, त्यामुळे नव्या कायद्यांनी त्याची नोकरी गेली. १९४१ साली मार्सेयहून एका बोटीवर कशीबशी जागा मिळाली. साडेतीनशे माणसं आणि धड केबिन दोनच. सहप्रवाशांत कवी आंद्रे ब्रेतों. तिथून न्यूयॉर्क. मग युद्धानंतर परत पॅरिस. आणि इथे आपल्या कामाचा भाग आहे, मंडळी. पॅरिसच्या सर्वात मानाच्या संस्थेत, कोलेज द फ्रान्समध्ये, त्याचं नाव १९४९ आणि १९५० अशी दोनदा पडलं. दुसरं लग्न मोडलं. चाळिशी उलटली. अॅकॅडमिक करिअर आता संपलंच, असं त्याला वाटत होतं. अशात एका नव्या पुस्तकमालेसाठी विचारणा झाली. त्याने १९५४च्या ऑक्टोबरात सुरुवात केली आणि १९५५च्या मार्चमध्ये संपवलं. पंधरा वर्षं पडून राहिलेल्या वह्या आणि पाच महिने! प्रोफेसरकीची आशा असती तर असलं मनातलं लिहायची हिंमत झाली नसती, हे त्याने नंतर बोलून दाखवलं. पुस्तक तुफान गाजलं. गोंकूर पुरस्काराच्या मंडळींनी जाहीर हळहळ व्यक्त केली, की ही कादंबरी नाही म्हणून आम्हाला हिला बक्षीस देता येत नाही. प्रवासवर्णनाचं एक बक्षीस मिळालं, ते त्याने नाकारलं. आणि ज्या संस्थेने दोनदा दार लावलं होतं, तिथेच १९५९ साली निवड झाली. वारला तो २००९ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी.

आता लायब्ररीची गोष्ट. एका पीएचडीवाल्या मैत्रिणीच्या कार्डावर विद्यापीठाच्या लायब्ररीतून मी जी प्रत आणली ती १९६१च्या इंग्रजी भाषांतराची. जॉन रसेलने केलेलं, ‘अ वर्ल्ड ऑन द वेन’ या नावाचं. करड्या कापडी बांधणीची, मागच्या स्लिपवर तारखांचे जेमतेम आठ-नऊ शिक्के. वाचायला मस्त. फक्त एक भानगड आहे. मूळ पुस्तकात चाळीस प्रकरणं आहेत. या आवृत्तीत चौदावं, पंधरावं, सोळावं आणि एकोणचाळिसावं प्रकरण गाळलंय. कोणती आहेत ही चार? भारतीय उपखंडाची! १९५० साली लेव्ही-स्त्रॉस युनेस्कोच्या कामासाठी तेव्हाच्या दोन्ही पाकिस्तानांत आणि भारतात फिरला होता. कराची, तक्षशिला, ढाका, कलकत्ता. म्हणजे आपल्याबद्दल जे लिहिलंय तेच नेमकं आपल्या शेल्फावरच्या प्रतीत नाही. जॉन आणि डोरीन वेटमन यांनी १९७३ साली पूर्ण भाषांतर केलं. ते मागवून ही चार प्रकरणं वाचली, आणि कपाळावर आठ्या पडल्या.

कलकत्त्यात तो हॉटेलातून बाहेर पडला की भिकारी, दलाल, फेरीवाले, रिक्षावाले त्याला घेरतात. त्याची चीड, मग लाज, मग चिडण्याचीही लाज, हे त्याने प्रामाणिकपणे लिहिलंय. नारायणगंजच्या ताग गिरण्यांमधली कामगारांची घरं, सिमेंटच्या बिनसामानाच्या खोल्यांच्या रांगा, त्याने बघितल्या आणि त्याच्या मनात पाळीव हंसांच्या खुराड्यांची आठवण आली. गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत ज्यांचे आजोबा राहिले, त्यांना या पानावर थांबावंसं वाटेल. तिथे खुराडं होतं हे खरं, पण त्या खोल्यांत भजनी मंडळं होती, युनियन होती, गणपती होता. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते दिसत नाही.

मग तो जातिव्यवस्थेकडे वळतो. त्याचं म्हणणं असं, की तीनेक हजार वर्षांपूर्वी भारताने गर्दीचा प्रश्न सोडवायला एक थोर प्रयोग केला. माणसं वेगवेगळी केली, म्हणजे शेजारी शेजारी राहता येईल. प्रयोग फसला, आणि हे मानवजातीचं मोठं अपयश. वाचायला भारी वाटतं. पण हे विमानातून दिसणारं गणित आहे. ज्याची सावली विटाळ ठरत होती त्याला या ‘प्रयोगा’बद्दल कुणी विचारलं होतं का? त्याच्या चाळीस वर्षं आधी, मे १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या वर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला होता. त्यात गर्दीबिर्दी नाही. जात म्हणजे आपल्यातच लग्न करण्याची सक्ती, आणि ती टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे बाईच्या अंगावर चालवलेले उपाय, अशी थंड डोक्याची मांडणी आहे. लग्नाच्या नियमांवर १९४९ साली जाडजूड ग्रंथ लिहिणारा लेव्ही-स्त्रॉस इथे लोकसंख्या मोजत बसतो, याला काय म्हणावं!

पुण्यात डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे होत्या. त्याही मानववंशशास्त्रज्ञ, त्यांनीही प्रवासावर लिहिलं. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहात ‘वाटचाल’ नावाचा लेख आहे, पंढरीच्या वारीचा. त्या दिंडीबरोबर पायी चालल्या. एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या दिंडीत जातीजातीची जेवणं वेगळी होतात, हे त्यांनी पंगतीला बसून पाहिलं आणि ते त्यांना खुपलं. लेख लहान आहे. तीन हजार वर्षांचं गणित त्यात नाही. पण चालणाऱ्याच्या उंचीवरून दिसलेली जात त्यात आहे, आणि भाषा येत होती हा केवढा फरक!

तरी मी त्या चार प्रकरणांवर रागावून पुस्तक मिटलं नाही, कारण लगेच चाळिसावं येतं. चितगावच्या डोंगरांत, ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ, बांबूचं एक बौद्ध मंदिर. अनवाणी जायचं, पायाखाली मऊ चटया. बरोबरचा माणूस वेदीसमोर चार वेळा जमिनीवर डोकं टेकतो आणि याला म्हणतो, मी करतोय ते तू करायलाच हवं असं नाही. हा करत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटतं, केलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ज्याने एवढ्या माणसांचे विधी बाहेर उभं राहून टिपले, त्याची ही अवस्था. हे १९५५ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. एक शेकडो पुस्तकं पालथी घालून आणि अपमानाच्या आयुष्यातून तिथे पोचला, दुसरा अनवाणी दारापर्यंत आला.

वाचायचं असेल तर पहिल्या पानापासून सुरू करायचा हट्ट धरू नका. बोटीवरच्या सूर्यास्ताचं लांबलचक वर्णन (ते त्याच्या सोडून दिलेल्या कादंबरीतलं आहे, आणि कादंबरी का सोडली तेही कळतं) खुशाल उडी मारून ओलांडा. कादुवेओंपासून सुरू करा, नांबिक्वारांपर्यंत जा, मग मागे या. शेवटच्या परिच्छेदात एक मांजर आहे, ती चुकवू नका. फोटो बघायचे असतील तर १९९४ साली आलेलं त्याचं ‘सौदादेस दो ब्राझील’ शोधा. आणि लायब्ररीत मागायला जाल तेव्हा प्रत हातात घेतल्या घेतल्या अनुक्रमणिका उघडा. चौदावं प्रकरण नसेल तर वेटमनवाली मागा. काउंटरवर कदाचित दुसरी आवृत्ती नाही म्हणतील. मग खरेदीच्या यादीत नाव लिहून या.